उत्तर आलं नाही, याचा अर्थ काय? एका पेपरवर टीका, वरंध घाटाच्या साक्षीने

"या पेपरवर टीका करा," असं मुलाखतीत सांगितलं की बहुतेक विद्यार्थी दोनपैकी एक वाट धरतात. काही जण पेपरचा सारांश सांगतात आणि शेवटी 'नमुना लहान होता' असं जोडतात. बाकीचे लेखकांनी जे करायचं म्हटलंच नव्हतं ते का केलं नाही, यावर बोलत राहतात. दोन्हींतून परीक्षकांना तुमच्याबद्दल फारसं काही कळत नाही. पेट देऊन मुलाखतीची वाट बघणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा हाच प्रश्न असतो, म्हणून आज एक पेपर घेऊन टीका प्रत्यक्ष करून बघू.

विषय आहे स्वयंचलित गाड्यांचा. या गाड्यांनी बिनतारी संदेशांतून एकमेकींशी बोलून कोण आधी जाईल, कोण थांबेल, कोण जागा देईल हे कसं ठरवायचं? टीकेसाठी मी एकच प्रश्न हातात घेणार आहे आणि तो शेवटपर्यंत सोडणार नाही: एका गाडीने विचारलं आणि दुसरीकडून उत्तर आलं नाही, तर त्या शांततेचा अर्थ काय धरायचा?

आधी विषय समजून घेऊ

स्वयंचलित गाडीला कॅमेरा, रडार, लायडार असतात. समोर काय आहे ते त्यांना दिसतं. समोरच्याच्या मनात काय आहे ते मात्र दिसत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो. रेडिओ संदेशांची गरज इथे पडते. युरोपातल्या मानकाप्रमाणे अशी गाडी परिस्थितीनुसार सेकंदाला एक ते दहा वेळा स्वतःची जागा, वेग आणि दिशा जाहीर करते. ऐकणारा कोण आहे हे तिला माहीत नसतं. दवंडी पिटावी तसा हा प्रकार आहे.

पण नुसतं 'मी इथे आहे' सांगणं म्हणजे सहकार्य नव्हे. एसएई या संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या जे ३२१६ या मानकात सहकार्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. आपल्या भाषेत मांडायच्या तर पहिली 'मी इथे आहे'. दुसरी 'मी आता असं करणार आहे'. तिसरी 'मी असं करू का?' आणि त्यावर होकार किंवा नकार. चौथी 'तू असं कर', म्हणजे आज्ञा, उदाहरणार्थ वाट मागणारी रुग्णवाहिका. आपला विषय मुख्यतः तिसऱ्या पायरीचा आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर माहितीची देवाणघेवाण होते. तिसऱ्या पायरीवर करार होतो, आणि करार आला की 'समोरचा गप्प राहिला तर काय?' हा प्रश्न आलाच.

पेपर काय म्हणतो

टीकेसाठी निवडलेला पेपर लेमन, ग्युंटर आणि वोल्फ यांचा आहे. २०१८ साली आयट्रिपलईच्या इंटेलिजंट ट्रान्स्पोर्टेशन सिस्टिम्स परिषदेत तो मांडला गेला. या विषयावर काम करायचं असेल तर तो वाचावाच लागतो, कारण त्यातली मूळ कल्पना नंतरच्या पुष्कळ कामात दिसते.

कल्पना साधी आणि सुंदर आहे. प्रत्येक गाडी पुढच्या काही सेकंदांत कोणत्या क्षणी कुठे असेल, याचा आराखडा सतत जाहीर करते. याला आपण 'ठरलेला बेत' म्हणू. तिला याहून सोयीचा मार्ग हवा असेल, पण त्यासाठी दुसऱ्या कुणी जागा द्यावी लागत असेल, तर ती सोबत 'हवा असलेला बेत'ही जाहीर करते.

एक उदाहरण घेऊ. एमआयडीसीकडून आलेला एक टँकर महामार्गाला लागतोय. त्याचा ठरलेला बेत असा: जोडरस्त्याच्या टोकाला वेग कमी करायचा, गरज पडली तर थांबायचं. हवा असलेला बेत असा: मागून येणाऱ्या कारच्या पुढे, न थांबता महामार्गावर शिरायचं. कारला हे दोन्ही बेत ऐकू येतात. थोडा वेग कमी करणं तिला परवडत असेल, तर ती स्वतःचा ठरलेला बेत बदलते आणि तो नवा बेत जाहीर करते. टँकरला दिसतं की आता जागा झाली. मग तो आपल्या हव्या असलेल्या बेतालाच ठरलेला बेत करतो आणि शिरतो.

यात 'हो' असा शब्द कुठेच आलेला नाही, हे लक्षात घ्या. होकार वागण्यातून दिला जातो. बस पुढे घ्यायची असताना समोरच्याने गाडी जरा डावीकडे दाबली की आपण समजतो, तसंच.

आधी श्रेय

टीका लिहिताना हा भाग टाळू नका. जो पेपर कुठे भक्कम आहे हे तुम्हाला सांगता येत नाही, त्याची कच्ची बाजूही तुम्हाला नीट सापडणार नाही.

पहिलं बलस्थान म्हणजे व्यापकपणा. 'शिरणं', 'ओव्हरटेक', 'वळणं' अशी यादी करून प्रत्येकासाठी वेगळा संदेश बनवावा लागत नाही. बेत हीच सगळ्यांची समान भाषा.

दुसरं बलस्थान अधिक खोल आहे. संगणकशास्त्रात 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणून एक जुना प्रश्न आहे. अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर यांनी १९७५ मध्ये तो मांडला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला हे सेनापतींचं नाव दिलं. दोन डोंगरांवर दोन मित्रसैन्यं आहेत, मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय, पण निरोप नेणारा दूत दरीत पकडला जाऊ शकतो. पहिल्याने निरोप धाडला. तो पोहोचला हे त्याला कसं कळणार? दुसऱ्याने पोच पाठवली. ती पोहोचली हे दुसऱ्याला कसं कळणार? पोचेची पोच, तिचीही पोच, असं कितीही केलं तरी दोघांची एकाच वेळी पक्की खात्री होत नाही. जिथे संदेश हरवू शकतो, तिथे कितीही संदेश पाठवले तरी ही खात्री मिळत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

रेडिओचे संदेश तर हरवतातच. मग गाड्यांचा करार होणार कसा? हा पेपर प्रश्नाला बगल देतो आणि ती बगल हुशारीची आहे. टँकरचा ठरलेला बेत मुळातच सुरक्षित आहे. कारचं उत्तर आलं नाही तर तो टोकाला थांबेल, बस्स. उलट कारने जागा केली आणि ते टँकरला कळलंच नाही, तर थोडी जागा वाया जाईल, टक्कर होणार नाही. दोघांना एकमेकांची पक्की खात्री असण्याची गरजच ठेवलेली नाही. म्हणजे या पद्धतीत शांततेचा अर्थ पक्का आहे: उत्तर नाही, म्हणजे नकार.

आपल्याकडे 'मौन म्हणजे संमती' म्हणतात. हा पेपर नेमका उलटा नियम धरतो, आणि महामार्गावर तोच शहाणपणाचा आहे.

टीका एक: नकार मिळाल्यावर उभं कुठे राहायचं?

आता हा नियम एका वेगळ्या रस्त्यावर नेऊ. माझं गाव बिरवाडी, महाड तालुक्यातलं. महाडहून भोरला जाणारा रस्ता आमच्या भागातून वरंधकडे जातो आणि माझेरीनंतर घाट चढू लागतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. काही ठिकाणी रस्ता इतका अरुंद की दोन मोठ्या गाड्या सहज पार होत नाहीत. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने तो अनेकदा बंद ठेवावा लागतो.

समजा, भोरकडून एक बस उतरतेय आणि माझेरीकडून मालाने भरलेला टेम्पो चढतोय. दोघांतही स्वयंचलित यंत्रणा आहे. अरुंद वळणाच्या दोन्ही अंगांनी ते आत शिरले. बसला हवा असलेला बेत: सरळ खाली. टेम्पोला हवा असलेला बेत: सरळ वर. दोघांनी जाहीर केलं आणि दोघांनाही समोरच्याकडून जागा मिळाली नाही. आता पेपरच्या नियमाने दोघेही आपल्या ठरलेल्या, सुरक्षित बेतावर येतात, म्हणजे थांबतात.

आणि थांबूनच राहतात. टक्कर झाली नाही हे खरं, पण कोंडी झाली. आता कुणीतरी मागे घ्यायला हवं. कुणी? दोन बेत शेजारी ठेवले की त्यातून हे कळत नाही. बेतातून इच्छा कळते, कुणी कुणाला वाट देणं लागतो ते कळत नाही.

माणसांनी हे फार आधी ठरवून ठेवलंय. १९८९ च्या रस्ता नियमांत तरतूद होती की जिथे दोन गाड्या मोकळेपणाने पार होणार नाहीत अशा चढाच्या रस्त्यावर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. २०१७ च्या वाहनचालन नियमांतही चढणाऱ्यालाच प्राधान्य आहे. कारण उघड आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलणं अवघड, मागे घसरण्याची भीती वेगळीच. हा नियम एकही संदेश न पाठवता काम करतो. समोरचा बोलो न बोलो, आपलं देणं काय आहे ते आधीच ठाऊक असतं.

लेखकांच्या बाजूनेही उत्तर देऊन बघू, कारण परीक्षक ते देणारच. ते म्हणतील, 'रस्त्याचे नियम ठरलेल्या बेतात आधीच धरलेले असतात. महामार्गावर शिरणाऱ्यानेच थांबायचं, हा नियम टँकरच्या बेतात होता की! तसाच घाटाचा नियम बसच्या बेतात घाला.' उत्तर रास्त आहे. पण ते मान्य केलं की नवी अट येते. बसला रुंद जागा ओलांडण्याआधीच कळायला हवं की खालून टेम्पो येतोय. जोडरस्त्याचं टोक जागच्या जागी असतं, टँकरला ते शोधावं लागत नाही. घाटात मात्र सुरक्षित जागा मागे पडते, आणि एकदा मागे पडली की 'नकार' मिळूनही उभं राहायला नीट जागा उरत नाही.

म्हणून माझी पहिली टीका अशी: पेपरची पद्धत हालचालींच्या प्रकारांबाबत व्यापक आहे, रस्त्यांच्या प्रकारांबाबत नाही. 'उत्तर नाही म्हणजे नकार' या नियमामागे 'नकार पचवायला जागा आहे' हे गृहीतक दडलेलं आहे. महामार्गावर ते खरं असल्याने नजरेत भरत नाही.

टीका दोन: कातळाआड रेडिओ कितपत पोहोचतो?

या विषयावरच्या लेखनात एक वाक्य फार भेटतं: रेडिओला कोपऱ्यापलीकडचं कळतं, कॅमेऱ्याला कळत नाही. शहरी चौकात यात तथ्य आहे. तिथे इमारतींवरून परावर्तन होऊन संदेश वळसा घेऊन येतो. घाटात काय होतं ते भौतिकशास्त्राला विचारू. हिशेब बारावीचाच आहे.

गाड्यांसाठीचा रेडिओ ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागलं की तरंगलांबी येते सुमारे ५ सेंटिमीटर. आता हॉर्न घ्या. ४०० हर्ट्झचा धरला, तर ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला ३४० मीटरच्या हिशेबाने, तरंगलांबी येते सुमारे ८५ सेंटिमीटर, म्हणजे सतरा पट. लहर जितकी लांब तितकी ती अडथळ्याच्या कडेवरून जास्त वळते. कातळाच्या कडेशी हॉर्नचा आवाज बऱ्यापैकी वळून पलीकडे जातो, रेडिओची आखूड लहर मात्र फार क्षीण होते. शिवाय दुसऱ्या बाजूला दरी, म्हणजे परावर्तनाला समोर भिंतही नाही.

याचा परिणाम किती? दोन्ही गाड्या ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ११ मीटरने येत आहेत असं धरा. ओला उतार म्हणून ब्रेकची क्षमता सेकंदाला सेकंदाला ४ मीटर धरू आणि यंत्रणेचा प्रतिसाद अर्ध्या सेकंदात. प्रत्येकीला थांबायला सुमारे २१ मीटर लागतात. दोघींना मिळून ४२. त्याआधी बोलणं व्हायला, बेत बदलायला फक्त एक सेकंद धरला, तर तेवढ्या वेळात त्या २२ मीटर जवळ आलेल्या असतात. म्हणजे पहिला संदेश निदान ६४ मीटर अंतरावर पोहोचायला हवा. कातळाआडून तो ३० मीटरवर आला, तर वाटाघाटी सोडाच, नुसतं थांबायलाही उशीर झालेला असेल. आकडे मी सोपे धरलेत. तुम्ही तुमचे घाला, हिशेबाची रीत तीच राहील.

म्हणजे आंधळ्या वळणाआधी शांतता हीच नेहमीची स्थिती आहे. पलीकडे कुणी असो वा नसो, आधी शांतताच असणार. अशा ठिकाणी चांगला ड्रायव्हर काय करतो? हॉर्न देतो, उत्तर ऐकतो. उत्तर आलं नाही तर 'बहुतेक कुणी नाही' असं समजतो, पण त्या 'बहुतेक'वर सगळा भरवसा टाकत नाही. डावी बाजू धरून, दिसतं तेवढ्यात थांबता येईल अशा वेगाने वळतो. रात्री त्याचं काम थोडं सोपं होतं. समोरच्या गाडीचा उजेड आधीच कड्यावर पडतो. तो उजेड हाही एक संदेशच आहे, आणि तो पाठवायला वेगळं यंत्र लागत नाही. दिवे लावून चालणारी प्रत्येक गाडी तो पाठवतेच.

माझी दुसरी टीका इथून निघते, आणि ती या एका पेपरपुरती नाही. अशा पद्धती अनेकदा सिम्युलेशनमध्ये तपासल्या जातात. तिथे सगळ्या गाड्यांना रेडिओ असतो आणि संदेश बहुधा पोहोचतात. प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचण्याही आखीव असतात. २०१६ साली नेदरलँड्समध्ये हेल्मंडजवळ ग्रँड कोऑपरेटिव्ह ड्रायव्हिंग चॅलेंज झालं. वेगवेगळ्या विद्यापीठांच्या गाड्यांनी तिथे महामार्गावर एकमेकींना जागा करून देत दोन रांगांची एक रांग केली. काम कौतुकाचंच होतं. पण तिथे सगळ्यांना एकमेकांची भाषा येत होती. महाड–बिरवाडी रस्त्यावर एसटी, मिनिडोअर, बैलगाडी, दुचाकीवरून शिफ्टला निघालेला कामगार आणि मध्येच बसलेली गुरं असतात. यांतलं कुणीही त्या भाषेत बोलणार नाही. इथली शांतता बहुतेक वेळा 'नकार' नसते. ती 'मला ऐकूच येत नाही' अशी असते.

टीका तीन: बोलता बोलता गप्प झालेली गाडी

शांतता दोन प्रकारची असते. एक, सुरुवातीपासूनची. दुसरी, बोलता बोलता पडलेली. दोन्ही एकाच खान्यात टाकणं मला धोक्याचं वाटतं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई–गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बसेस आणि इतर वाहनं नदीत गेली. आमच्या भागात ती रात्र कुणी विसरलेलं नाही. संदेशयंत्रणा असती तर ती माणसं वाचली असती, असं मी म्हणत नाही. असं म्हणायला माझ्याकडे कोणताही आधार नाही. पण त्या घटनेतून या विषयाला एक नेमका प्रश्न विचारता येतो. पुढे चाललेली गाडी सेकंदाला दहा वेळा 'मी इथे आहे' म्हणत होती आणि अचानक गप्प झाली, तर मागच्या गाडीने काय समजायचं?

सर्वसाधारण रचनेत काय होतं? थोडा वेळ संदेश आला नाही की ती गाडी यादीतून काढून टाकतात. नकाशावर रस्ता मोकळा दिसू लागतो. म्हणजे एखादी गाडी खरोखर संकटात सापडली, तर यंत्रणेच्या दृष्टीने रस्ता आधीपेक्षा रिकामा होतो! रेडिओ बिघडला असेल, गाडी वळणाआड गेली असेल किंवा पुढे रस्ताच उरला नसेल, तिन्ही शांतता सारख्याच ऐकू येतात. तरी मागच्या गाडीने तिन्ही वेळा करायची पहिली गोष्ट एकच आहे: वेग कमी करायचा आणि डोळ्यांनी खात्री होईपर्यंत तो वाढवायचा नाही. बेतांच्या भाषेत सांगायचं तर, ज्या गाडीने पुढच्या पाच सेकंदांचा बेत जाहीर केला होता, ती त्या पाच सेकंदांत गप्प झाली तर तिचा बेत पुसायचा नाही. तो 'अपुरा राहिलेला बेत' म्हणून जपायचा. याला मूळ पेपरमध्ये जागा नाही, पण त्याच्या चौकटीत ती सहज करता येईल. टीका करताना अशी जागा सापडली की समजा, तुमच्या प्रस्तावाचं बीज मिळालं.

रेल्वेने हा प्रश्न कसा सोडवला

बिरवाडीहून फार लांब जायला नको. महाडकरांचं कोकण रेल्वेवरचं जवळचं स्थानक म्हणजे वीर. रोहा ते वीर दुपदरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झालं. वीरच्या दक्षिणेला बहुतांश मार्ग अजून एकेरी आहे. एकेरी मार्ग म्हणजे घाटातल्या अरुंद रस्त्यासारखाच, समोरासमोर आलेल्या दोन गाड्या पार होऊ न शकणारा. तिथे शांततेचा अर्थ कुणालाही विचारावा लागत नाही. पुढच्या स्थानकाकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्याशिवाय गाडी सुटत नाही. उत्तर नाही म्हणजे सिग्नल लाल. फोन बंद पडो, वीज जावो, अर्थ बदलत नाही.

याच कोकण रेल्वेने एकमेकींशी रेडिओवर बोलणाऱ्या गाड्यांचा प्रयोगही केलेला आहे. या शतकाच्या सुरुवातीला बी. राजाराम यांच्या नेतृत्वाखाली तिथे अँटी कोलिजन डिव्हाइस तयार झालं. त्याला 'रक्षा कवच' म्हणत. इंजिनांत, स्थानकांत, फाटकांत यंत्रं बसवायची. त्यांनी उपग्रहावरून आपली जागा ओळखायची, एकमेकांशी रेडिओवर बोलायचं आणि टक्कर होणार असं दिसलं तर ब्रेक लावायचा. कल्पना काळाच्या पुढची होती. पण उपग्रहावरून जागा ओळखताना शेजारच्या दोन रुळांपैकी गाडी नेमकी कोणत्या रुळावर आहे, हे खात्रीने सांगणं अवघड गेलं. नंतर आलेल्या आणि २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या 'कवच'मध्ये जागा ओळखायला रुळांमध्ये बसवलेले आरएफआयडी टॅग वापरतात.

तुमच्यासाठी यात दोन धडे आहेत. पहिला: 'मी इथे आहे' या वाक्यातला 'इथे' चुकीचा असेल, तर त्यावर उभा केलेला करार कितीही नेटका असला तरी फसतो. कशेडीच्या बोगद्यात उपग्रहाचे संदेश पोहोचत नाहीत. तिथल्या गाडीचा 'इथे' म्हणजे तिचा स्वतःचा अंदाज. दुसरा: रेल्वेला 'शांतता म्हणजे थांबा' हे परवडतं, कारण रुळावर परवानगीशिवाय कुणी येत नाही आणि रुळाला मालक आहे. रस्त्यावर हाच नियम लावला तर पहिल्याच बैलगाडीपाशी सगळं ठप्प होईल. म्हणून रेल्वेचा नियम जशाचा तसा उचलता येणार नाही. उचलायची ती सवय: शांततेचा अर्थ आधी ठरवायचा आणि लिहून ठेवायचा.

मग करायचं काय?

मला सुचणारी दिशा अशी. शांततेला एकच अर्थ न देता रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी तो ठरवावा आणि नकाशातच नोंदवावा. महामार्गावर अर्थ 'नकार'. अरुंद घाटात अर्थ असा: 'चढणारं कुणीतरी आहे असं समज, आणि शेवटच्या रुंद जागेपाशी थांबता येईल असा बेत ठेव.' आंधळ्या वळणांच्या बाहेरच्या अंगाला, जिथे आज बहिर्गोल आरसा बसवतात, तिथे दोन्ही बाजू दिसणारं एक छोटं रेडिओ यंत्र बसवता येईल. ते एका बाजूचा संदेश दुसरीकडे पोहोचवेल. आरसा उजेडासाठी जे करतो, तेच हे रेडिओसाठी करेल. पण लगेच पुढचा प्रश्न विचारा: ते यंत्रच गप्प झालं तर? पावसात वीज गेली, दरडीखाली खांब गेला तर? तेव्हा गाडीने यंत्र नव्हतं त्या दिवसासारखं वागायला हवं. याचा अर्थ त्या यंत्राने रस्ता रिकामा असतानाही 'मी जागा आहे, पलीकडे कुणी नाही' असं सतत सांगत राहायला हवं. तरच त्याची शांतता काही सांगू शकेल.

या प्रस्तावालाही भोकं आहेत. प्रत्येक तुकड्याचा अर्थ ठरवणार कोण? एक दरड कोसळली की रुंद जागा अरुंद होते, मग नकाशा कोण बदलणार? माझ्या मते हे प्रश्न संशोधनाचेच आहेत आणि त्यांतला एखादा तुमचा होऊ शकतो.

आता या लेखात आपण काय केलं ते पाहा. पेपरची कल्पना स्वतःच्या शब्दांत आणि एका उदाहरणात मांडली. ती का भक्कम आहे हे सिद्धान्ताच्या आधारे सांगितलं. मग एकच प्रश्न घेऊन ती अशा ठिकाणी नेली जिथे तिची गृहीतकं उघडी पडतात. लेखकांच्या बाजूचं उत्तर दिलं आणि त्या उत्तराने प्रश्न कुठे सरकतो ते बघितलं. शेवटी हिशेब आणि इतिहास यांच्याशी पडताळलं. 'नमुना लहान आहे' यापेक्षा हे थोडं जास्त कष्टाचं आहे, पण मुलाखतीत परीक्षक इथेच पुढे सरसावून बसतात.

सरावासाठी गाड्यांच्या परस्पर संवादावरचा कोणताही एक पेपर घ्या आणि तीन ओळींत उत्तरं लिहा. या पद्धतीत उत्तर न येण्याचा अर्थ काय धरलाय? तो कुठे लिहिलाय, की तुम्हाला सिम्युलेशनच्या तक्त्यातून शोधून काढावा लागला? आणि तुमच्या ओळखीच्या एखाद्या रस्त्यावर, मग तो आंबेनळी असो, आंबोली असो की गावातला एकेरी पूल, तो अर्थ टिकतो का? तिसऱ्या प्रश्नासाठी कागद बाजूला ठेवून त्या रस्त्यावर एकदा जाऊन उभं राहावं लागेल. शक्य असेल तर पावसाळ्यात जा.